भ्रतारांची हजेरी

यंदा पोळा कोरडाच गेला. बैलांच्या पाठीवर झुली होत्या, शिंगांना बेगड होती आणि खुरांखाली नुसता फुफाटा. लातुरात आमच्या गल्लीत आता आठ दिवसांनी टँकर येतो. तो येणार म्हटलं की सकाळपासून दारोदारी निळे ड्रम उभे राहतात. दुष्काळात माणसं आभाळाकडे बघतात म्हणे. मी बघत नाही. माझे पाय आपोआप चालायला लागतात. पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्या दारातून पुढच्या. बायको म्हणते, "काय येरझारा घालून राहिलेत? तुमच्या चालण्यानं पाऊस पडणार हाय का?" पडणार नाही, हे मलाही कळतं. पण कोरड्या सालातला हा वारा सुटला आणि दाताखाली माती कचकचायला लागली की मला एका जागी बसवत नाही.

त्यात परवा सूनबाईनं नातीच्या शाळेचा फॉर्म हातात दिला. "बाबा, काही राहिलंय का बघा जरा." पहिल्या रकान्यात मुलीचं नाव, पुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सूनबाईनं आपलं नाव एका दमात लिहून टाकलं होतं आणि ती ड्रम सरकवायला बाहेर गेली होती. मी मात्र तो कागद घेऊन बसलो तो बसलोच. आईच्या नावाचा छापील रकाना! ज्यानं तो छापला त्याला त्यात विशेष काही वाटलं नसेल. मला वाटलं, कारण एके काळी बाईच्या नावाचा रकाना कोरा ठेवण्याचं काम मी पगार घेऊन केलेलं आहे.

लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. जिल्हा झाला, पण त्याचे कागद अजून छापून आले नव्हते. जुन्या कागदावरचं 'उस्मानाबाद' एका रेघेनं खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं, हे माझं सकाळचं पहिलं काम. ते मी मोठ्या हौसेनं करायचो. मी उदगीरचा, लिंगायत दुकानदाराच्या घरचा. आमचं धान्याचं दुकान. पण धान्यच नाही तर दुकान कशाचं? पोत्यांच्या जागी वडील एकटेच बसून असायचे. मी बी.ए. होऊन घरात बसलेलो. कुणाच्या तरी ओळखीनं रोजगार हमीच्या कामावर हजेरी लिहायला लागलो. तात्पुरता. कायम होण्याचं स्वप्न बघत नाही असा तात्पुरता माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काम जळकोटच्या अलीकडे एका माळावर होतं. जळकोट तेव्हा तालुकाही नव्हता. पाझर तलाव बांधायचा होता. पाणी कुठं दिसत नव्हतं, पण तलाव बांधायचा होता. पुरुषांनी मुरूम खोदायचा, बायकांनी टोपल्यांनी वाहून पाळूवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, टाकायचा. अजून डोळे मिटले की कुदळीचा आवाज आधी येतो, मग उन्हानं तापलेल्या मुरमाचा वास, मग बायकांच्या डोक्यावरच्या चुंबळी. फाटक्या लुगड्यांच्या त्या चुंबळींचे रंग कसे अजून आठवतात, कोण जाणे. शेतकऱ्यांच्या बायका होत्या, वेशीबाहेरच्या वस्तीतल्या होत्या, तांड्यावरच्या होत्या. दुष्काळानं सगळ्यांना एका ढिगावर आणलं होतं. भाकरी खायला मात्र चार झाडांखाली चार गट बसायचे. ते मला तेव्हा खटकलं नाही. तेव्हा मला काहीच खटकत नसे.

मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, मुकादमानं तयार केलेलं होतं. हणमंत मुकादम अंगानं दांडगा, बोलायला गोड आणि लिहायला आळशी. आमच्या मराठवाड्यातल्या सरकारी कागदांत बाईच्या नावापुढे 'भ्र.' लिहायचा दस्तूर आहे. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. अमुकबाई भ्र. तमुक. मुकादमानं काम आणखी सोपं केलं होतं. बाईचं नाव विचारायच्या फंदात तो पडलाच नव्हता. एक आडवी रेघ, आणि पुढे 'भ्र. मारुती'. पुन्हा रेघ, 'भ्र. विठोबा'. पुण्याकडचा एक तरुण इंजिनिअर एकदा मस्टर तपासायला आला. तो घाबरून मला म्हणाला, "इतक्या बायका भ्रमिष्ट आहेत? आणि त्यांना कामावर ठेवलंय?" आम्ही पोट धरून हसलो. आता वाटतं, सगळ्यांत शहाणा प्रश्न त्यानंच विचारला होता.

अडचण अशी की त्या मस्टरवर मारुती चार होते. समोर उभी असलेली बाई कोणत्या मारुतीची, हे कळायचं कसं? नवऱ्याचं नाव ती उच्चारणार नाही. पदर तोंडाशी धरून म्हणायची, "ते न्हाई का, देवळात शेंदूर लावतेत, तेच." अहो, पण चौघांचंही तेच की! एका सकाळी मी गमतीनं म्हणालो, "उखाण्यात घ्या मग, आडनावासकट." एक धीट बाई पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"पाझर तलावाला मुरमाची भर,
मारुतीराव मुंड्यांचं नाव घेते, हजेरी धर!"

काय हशा पिकला! कुदळी थांबल्या. मी मोठ्या रुबाबात हजेरी धरली.

पहिले आठ-दहा दिवस बायकाही रंगल्या, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. रात्री जुळवलेले उखाणे घेऊन यायच्या. पण हौसेचा रिवाज व्हायला वेळ लागत नाही. पुढे पुढे पुरुष कामाच्या आधी येऊन कोंडाळं करून बसू लागले. मुकादम म्हणायचा, "ह्ये जुनं झालं, नवं घे." एखादीला सुचलं नाही तर ती उन्हात बाजूला उभी. तिची हजेरी शेवटी. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, काल नवऱ्याचा मार खाल्लेल्या, सगळ्या आपापल्या भ्रताराचं नाव यमकात बसवत उभ्या असायच्या. आणि मी, बी.ए. पास, मराठी विषय घेतलेला, यमक जुळलं की मान डोलवायचो.

एकदा रविवारी घरी गेलो तेव्हा हे सगळं फुशारकीनं अव्वाला सांगितलं. आमच्याकडे उदगिरात आईला अव्वा म्हणतात. ती ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "हळदीकुंकवाला घेतेत उखाणा. लग्नात घेतेत. हौस म्हणून घेतेत," ती म्हणाली. "पोटासाठी बाईला नवऱ्याचं नाव घ्यायला लावतूस तू? चार गड्यांसमोर?" मी म्हणालो, "अगं, गंमत हाय." ती म्हणाली, "कुणाची?" आणि पुन्हा पाखडायला लागली. मला राग आला. तिला कामावरचं काय कळतंय, असं मनात म्हणत मी सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत आलो.

त्याच आठवड्यात सुभद्रा कामावर आली.

काळी, उंच, बोलायला तुटक. तिचा नवरा किनवटकडे लाकडाच्या ठेकेदारीवर गेला होता आणि तिकडेच दुसरीबरोबर राहत होता. गावाच्या भाषेत सुभद्रा 'टाकलेली'. नवऱ्यानं बायकोबरोबर आपली आंधळी आईही टाकली होती. त्या सासूला सुभद्रा सांभाळत होती. शेत नाही, भाऊ नाही. या माळावरचं टोपलं मिळालं तर दोघींची चूल पेटणार, नाहीतर नाही. इतका साधा हिशेब होता.

मी म्हणालो, "नाव घे."

"सुभद्रा."

"तुझं न्हाई गं, त्याचं," मुकादम म्हणाला. कोंडाळ्यात कुणीतरी खोकलं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यो किनवटला हाय. टोपलं मी उचलणार हाय. त्याची हजेरी लावायची असंल तर किनवटला जावा."

लोक हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. मुकादमानं घसा साफ केला. "भ्रताराबिगर मस्टरची ओळ भरत न्हाई, बाई. कायदा हाय तसा."

"तुमी शिकल्याले नं?" ती मला म्हणाली. "कुठं लिव्हलंय, दाखवा."

असा कायदा कुठंच नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मस्टरचं पान उलटलं, जणू शोधतोय. मग दुसरं उलटलं.

सुभद्रानं हातातलं टोपलं जमिनीवर पालथं घातलं आणि ती त्यावर बसली. बस्स, एवढंच केलं. तिच्या मागे रांगेत ग्यानोबाची आई होती, साठीची म्हातारी; तिला सगळे ग्यानोबाची आईच म्हणायचे. तिनं क्षणभर इकडेतिकडे बघितलं, "माझे बी पाय दुखून राहिले," असं पुटपुटली आणि आपलं टोपलं पालथं घालून तीही बसली. मग तिसरी. मग पाळूवर गेलेल्या बायका खाली उतरल्या. दुपारपर्यंत माळावरची एकही टोपली सुलटी नव्हती. ऊन वाढलं तशा त्या सगळ्या एकाच लिंबाखाली सरकल्या, कारण तेवढ्या बायकांना पुरेल अशी सावली त्या एकाच झाडाला होती. त्या दिवशी भाकरीचे चार गट झाले नाहीत.

मागणी काय, तर बाईची हजेरी बाईच्या नावानं. आणि सुभद्राला कामावर घ्या. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. मुकादमालाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तोड काढली: उखाणे बंद करतो, ज्यांचे नवरे गावात आहेत त्यांनी कामावर यावं, सुभद्राचं नंतर बघू. म्हणजे नाहीच. ग्यानोबाची आई म्हणाली, "आज तिला सोडून आमी उठलाव, तर उद्या आमचा भ्रतार मेल्यावर आमाला कोण ठिवंल?"

आणि मग ती गोष्ट माळावर राहिली नाही. का राहिली नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. बहुतेक असं असावं की गावागावांत एक सुभद्रा होतीच. फक्त तिच्याबद्दल बोलायची रीत नव्हती. अहमदपूर, मुखेड, कंधार करत टोपल्या पालथ्या पडत गेल्या. उमरीच्या जिनिंगवर कापूस निवडणाऱ्या बायकांकडे टोपली नव्हती, तर त्यांनी सुपं पालथी घातली म्हणे. टाकलेल्या बायका, ज्या लग्नकार्यात मागच्या दारानं यायच्या, त्या गावच्या पारावर येऊन बसल्या. मागण्या वाढत गेल्या. रेशनकार्डावर पहिलं नाव आमचं. घराच्या उताऱ्यावर आमचं नाव. शाळेत लेकराच्या नावाजवळ आमचं नाव. मजुरीच्या भांडणातून हे कुठून आलं, असं पुढारी एकमेकांना विचारत. काही घरांत बायकांनी मार खाल्ला. काही नवरे स्वतः पालथ्या टोपलीवर येऊन बसले आणि इतर पुरुषांची थट्टा सोसत राहिले. एकाला त्याच्या भावानं विचारलं, "लेका, बायकोचं नाव मस्टरवर गेलं तर तुझं काय ऱ्हाईल?" तो म्हणाला, "बायको ऱ्हाईल की."

उदगीरच्या बाजारात भांड्यांवर नावं घालून देणारा एक म्हातारा बसायचा. पितळेच्या तांब्यावर टिकटिक छिन्नी मारत लग्नातल्या आहेरांवर 'अमक्याकडून तमक्यास' घालायचा. त्या महिन्यात त्याच्यापुढे बायकांची रांग लागली. एका बाईनं घरातला जुना तांब्या पुढे केला. त्यानं सवयीनं विचारलं, "कुणाकडून कुणाला घालू?" ती म्हणाली, "माझ्याकडून मला." म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला, तिच्याकडे बघितलं आणि छिन्नी उचलली. हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, चोरासारखं.

कारण तोवर मी चोर झालो होतो. चौकशी लागली होती. वरचे साहेब जीपनं आले आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही शिकलेले, घरंदाज. तुमच्या लिहिण्याला किंमत आहे," ते म्हणाले. "नव्या जिल्ह्यात नव्या जागा भरायच्यात. तुमच्यासारखी माणसं लागणार आहेत." त्यांनी मला खोटं लिहा असं सांगितलं नाही. अशी माणसं कधीच सांगत नाहीत. मी आपणहून लिहिलं: कामावरील स्त्रिया स्वखुशीने उखाणे घेत असत. सदर सुभद्राबाई हिने स्वखुशीने काम सोडले. 'स्वखुशीने' हा शब्द मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा ऱ्हस्व-दीर्घ अचूक लिहिलं, हेही लक्षात आहे. त्या कागदाच्या आधारे साहेबांनी सुभद्राला काम नाकारलं.

ही बातमी लपली नाही. आमच्या भागात बातमी लपतच नाही. त्यानंतर माझ्या जवळून बायका जायच्या तेव्हा आपसात बोलायच्या थांबायच्या. अव्वा वाढताना भाकरी हातात न देता ताटात ठेवू लागली. मी उदगिरातून निघायचो ते माळावर जायचो, माळावर कामच नाही म्हणून परत यायचो. येरझाऱ्यांची सवय तेव्हापासूनची.

मग एके सकाळी बायका लातूरला निघाल्या. चालत. डोक्यावर रिकाम्या टोपल्या. वाटेतल्या गावांनी भाकरी दिल्या. पाणी द्यायला नव्हतं तिथे निदान गूळ दिला. मीही एसटीनं गेलो. काय बघायला गेलो, ते सांगता येणार नाही. गंजगोलाईच्या बाजाराला वळसा घालून ती रांग नव्या कलेक्टर कचेरीकडे वळली तेव्हा गोलाईतल्या व्यापाऱ्यांनी दुकानं अर्धी ओढून घेतली आणि मग, गर्दी शांत आहे बघून, पुन्हा उघडली. कचेरीपुढे सगळ्यांनी टोपल्या पालथ्या घातल्या. भाषणं फारशी झालीच नाहीत. एकेक बाई उभी राहायची, आपलं नाव मोठ्यानं सांगायची आणि बसायची. बस्स. तास, दीड तास नुसती नावं. माझ्या शेजारी उभा असलेला एक पोलीस आधी हसत होता. नंतर टोपी काढून घाम पुसता पुसता तसाच ऐकत राहिला. मला वाटतं, इतक्या बायकांची नावं आम्ही दोघांनीही जन्मात ऐकली नव्हती.

हुकूम निघाला. प्रत्येक बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावानं करावी. नवऱ्याचं नाव नसल्यास काम नाकारू नये. आमच्या त्या टोपल्यांमुळेच आजचा फॉर्म छापला गेला, असं मी म्हणत नाही. अशा टोपल्या कुठे कुठे किती पालथ्या पडल्या असतील, देव जाणे. पण आमच्या माळावर नवं मस्टर आलं, आणि ते लिहायला मीच बसलो.

तिथे एक गोष्ट झाली जी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ना साहेबांच्या, ना बायकांच्या. पहिली बाई पुढे आली. मी विचारलं, "नाव?" ती उत्साहानं तोंड उघडून थांबली. "कोणचं सांगू? माहेरचं का सासरचं?" मागे कालवा उठला. लग्नात नवऱ्यानं नाव बदललेलं, ते सासरचं. बापानं ठेवलेलं, ते माहेरचं. एवढा झगडा आमच्या नावासाठी, आणि आमचं नाव कोणतं? कुणी हे सांगितलं, कुणी ते. दोघी-तिघींनी भांडून माहेरचं लिहून घेतलं आणि लिहिताना वाकून बघितलं, वाचता येत नसूनही. ग्यानोबाच्या आईला माहेरचं नाव आठवेना. नऊ वर्षांची होती तेव्हा लग्न झालेलं. माहेरचं कुणी जिवंत नाही. "लिव्हू नको अजून. थांब, आठवते," म्हणाली आणि माझ्या टेबलाशेजारी मातीत बसली. सकाळभर ती तिथे बसून होती, ओठ हलवत. दुपारी उठली, म्हणाली, "स वरनं होतं कायतरी." मी 'सोनाबाई' लिहू का विचारलं. ती म्हणाली, "लिव्ह. चांगलं हाय."

सगळ्यांत शेवटी सुभद्रा आली. मी वर बघितलं नाही. "सुभद्राच ना?"

"ते त्येनं ठिवल्यालं."

"मग माहेरचं?"

"नकुसा." ती शांतपणे म्हणाली. "चवथी पोरगी म्हणून बापानं नकुसा ठिवलं. ह्येनं लगनात सुभद्रा ठिवलं आन टाकून दिलं. दोन्ही बी मला इचारून ठिवले न्हाईत."

मस्टरचा नियम रेशनकार्डावर असेल तेच नाव लिहायचा होता. मी तो मनातल्या मनात खोडला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अहोजाहो केलं. "तुम्ही सांगाल ते लिहितो. कोणतंही सांगा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "सवखुशीनं?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. टोपलं उचललं, चुंबळ डोक्यावर नीट केली. "एका घडीत कसं ठरंल? कदी ठरवलंच न्हाई. आज टोपलं उचलते. उद्या इचार करून सांगते."

मी नाव न लिहिता तिची त्या दिवसाची हजेरी भरली.

संध्याकाळी जीप आली. माझी ऑर्डर होती: लातूरच्या एका कचेरीत, कायम. त्या एका कागदाचं बक्षीस. मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघालो, लातुरात पेढे वाटले, आणि मस्टर दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती गेलं. पुढे नोकरीत त्या रस्त्यानं किती वेळा गेलो. तलावाची पाळू खिडकीतून दिसते. बाभळी वाढल्यात तिच्यावर. कधी उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी ती विचार करून आली असेल. तिनं काय सांगितलं, समोरच्यानं ते लिहिलं की रेशनकार्ड मागितलं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. इतका वेळ मी तिला सुभद्रा म्हणत आलो. ते तिचं नव्हे, हे तिनं मला तोंडावर सांगितलेलं आहे. पण दुसरं मला माहीत नाही.